व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज किनरा झालाय? खर्ज कुठे गळतोय ते असं शोधा

जुना ट्विन रिव्हर्ब (फेंडर कंपनीचा दोन स्पीकरचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटार ॲम्प) मोठ्या हौसेने घरी आणावा, तासभर पुसून-बिसून लावावा, आणि पहिल्याच ‘ई’ कॉर्डला कानात सुई टोचावी. डग्गा बाजूला ठेवून कुणी नुसती चाट वाजवतंय, तसा आवाज. अशा वेळी हात आपोआप ट्रेबलच्या बटणाकडे जातो. पण माझ्या बघण्यात ट्रेबल बहुधा होता तेवढाच असतो. खर्ज गळालेला असतो, म्हणून ट्रेबल उघडा पडतो. तेव्हा शोधायचं ते खर्जाची वाट कुठे अडली आहे हे. आणि शोधायचं बाहेरून आत. पेचकस सगळ्यात शेवटी.

आधी मधलं सगळं काढून टाका. पेडल नको, बोर्ड नको. गिटार, एक केबल आणि इनपुट १, बस. टोनची सगळी बटणं मध्यावर. केबल नुकतीच बदलली आहे का, हे आठवा. वीस फुटांच्या जुन्या केबलमध्ये बराच ट्रेबल जिरतो. तिच्या जागी दहा फुटांची चांगली केबल आली की तोच ट्रेबल थेट ॲम्पपर्यंत पोचतो आणि आपण ॲम्पला दोष देत बसतो. दुसरी गिटारही लावून बघा. दोन्ही चॅनेल एकाच वेळी वाजवायची सवय असेल तर ती आधी थांबवा. ट्विनच्या व्हायब्रेटो चॅनेलमध्ये एक टप्पा जास्त असल्यामुळे दोन चॅनेलचे सिग्नल उलटे होतात आणि एकमेकांना खातात.

आता मुंबईच्या घरांचा खास प्रश्न. शेजाऱ्यांची भिंत हातभर अंतरावर, त्यामुळे व्हॉल्यूम दोनच्या वर जातच नाही. ट्विनमध्ये व्हॉल्यूमच्या बटणाला ‘ब्राइट’ स्विचमधून १२० पिकोफॅरॅडचा छोटा कंडेन्सर लागतो. बटण खाली असताना तो उंच स्वरांना आडवाटेने पुढे सोडतो. बटण पूर्ण वर गेलं की त्याला काही काम उरत नाही. म्हणजे फ्लॅटमधल्या व्हॉल्यूमवर त्याचा जोर सगळ्यात जास्त. मार्शल कंपनीच्या जुन्या १०० वॉटच्या ॲम्पच्या ब्राइट चॅनेलमध्ये तर हाच कंडेन्सर सुमारे ५००० पिकोफॅरॅडचा सापडतो आणि त्याला स्विचही नसतो. शिवाय आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून ब्राइट स्विच बंद करा, ॲम्प खुर्चीवरून जमिनीवर भिंतीलगत ठेवा आणि समोरून जरा बाजूला बसून ऐका. बारा इंची स्पीकर ट्रेबल सरळ रेषेत फेकतो. एवढ्यावर आवाज भरला, तर तुमचा ॲम्प धडधाकट आहे, त्याला उघडू नका.

नाही भरला, तर स्पीकर बघा. दादरच्या एका मित्राचा ट्विन असाच किनरा होता. तो नवे व्हॉल्व्ह घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी नऊ व्होल्टची बॅटरी आण. ॲम्प बंद केला, स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवल्या, आणि एकेका स्पीकरची वायर उतरवून बॅटरीची दोन टोकं त्याच्या टर्मिनलना क्षणभर टेकवली. डावीकडचा कागद ‘टप्’ करून बाहेर आला. उजवीकडे बॅटरी त्याच बाजूने लावली, तर तोही बाहेर आला. म्हणजे स्पीकर ठीक होते. मग वायरी बघितल्या. मागे कधीतरी कुणीतरी उजव्या स्पीकरच्या वायरी उलट झाळल्या होत्या. डागावर अजून राळेचा पिवळा थेंब तसाच होता. एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय, मग खर्ज उरणार कसा? दोन वायरी उलटवल्या आणि सहाव्या तारेला टेबलावरचा ग्लास थरथरला. एक लक्षात ठेवा: जुन्या जेबीएल स्पीकरचा कागद याच चाचणीत आत जातो. दिशा कुठलीही असो, जोडलेल्या वायरींवर दोन्ही स्पीकर एकाच बाजूला हलले पाहिजेत.

त्यानंतर वीज. अमेरिकेहून आलेला ॲम्प ११७ व्होल्टचा, आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणून मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. ट्विनला तो ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) तरी हवा. छोटा असला तर जोरात वाजवताना व्होल्टेज खाली बसतं आणि आवाजातला दम जातो. खात्री करायची तर व्हॉल्व्हच्या हीटरवर (त्याला आतून तापवणाऱ्या तारेवर) ६.३ व्होल्ट मिळायला हवेत. दहा टक्के इकडेतिकडे चालतात.

व्हॉल्व्ह एका वेळी एकच बदला. चांगला वाजणारा एक १२एएक्स७ (सुरुवातीच्या टप्प्यांतला छोटा व्हॉल्व्ह) जवळ असू द्या आणि तो एकेका जागी लावून ऐका. सगळे एकदम बदललेत तर चोर सापडत नाही आणि चांगले जुने व्हॉल्व्हही हकनाक निघतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सॉकेटवर थर धरतो, तेव्हा व्हॉल्व्ह हलकेच दोनदा काढून घालणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे. ॲम्प बंद करून, गार झाल्यावर.

पॉवर व्हॉल्व्हचं, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या व्हॉल्व्हचं, बायस (गिटार वाजत नसताना त्यातून किती करंट वाहतो ते ठरवणारी सेटिंग) फार थंड, म्हणजे करंट फार कमी, असेल तर आवाज कोरडा, काचेसारखा होतो. ट्विनमधला पॉवर व्हॉल्व्ह ६एल६जीसी, तो ३० वॉटचा. त्याच्या सत्तर टक्के म्हणजे २१ वॉट ही वरची मर्यादा धरतात. प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या पत्र्यावर, ४५० व्होल्ट असतील तर एका व्हॉल्व्हला सुमारे ४६ मिलिअँपिअर. मीटर १५ दाखवत असेल तर कारण सापडलं. हे सॉकेटमध्ये बसणाऱ्या बायस प्रोबने मोजा. प्लेट लाल व्हायला लागली तर त्याच क्षणी बंद करा.

आता पेटी उघडायची. आत साडेचारशे व्होल्टहून जास्तही वीज असू शकते आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून राहते. हा झटका जीव घेऊ शकतो. १० के (किलोओहम), १० वॉटचा रेझिस्टन्स क्लिपने चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडून कंडेन्सर सावकाश रिकामे करा आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय बोट घालू नका. मीटर वापरायची सवय नसेल तर इथून पुढचं काम जाणकाराकडे द्या. आतापर्यंत काय काय तपासलं ते सगळं त्याला सांगा, त्याचा वेळ वाचेल. स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आत तीन जागा बघायच्या. पहिली, प्रीॲम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हच्या, कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरॅडचे कंडेन्सर. पन्नास वर्षांत ते वाळतात आणि आवाजातलं मांस जातं. शेजारी तेवढाच नवा क्लिपने जोडून बघा, फरक पडला तर बदला. जोडताना ॲम्प बंद आणि रिकामा. दुसरी, बेसचं बटण. ते शून्यापासून दहापर्यंत फिरवून काहीच बदलत नसेल तर ०.१ मायक्रोफॅरॅडचा बेस कंडेन्सर किंवा त्याचा डाग सुटला आहे.

तिसरी जागा माझ्या मते सगळ्यात फसवी: आधीच्या दुरुस्तीत बसवलेला चुकीचा कपलिंग कंडेन्सर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा). त्याच्यावर छापलेलं २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरॅड आणि २२२ म्हणजे त्याचा दहावा भाग. एका आकड्याचा फरक, दिसायला दोन्ही सारखेच. पुढे २२० केचा रेझिस्टन्स असेल तर पहिला ३३ हर्ट्झपासून वरचं सगळं सोडतो, दुसरा ३२९ हर्ट्झच्या खालचं कापत जातो. गिटारची मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झची आणि मोकळी पहिली तार नेमकी ३२९च्या आसपास! म्हणजे सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंतची दोन सप्तकं त्या एका आकड्यात गेली. सर्किटच्या नकाशाशी एकेक आकडा ताडून बघा. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, नवा घेताना ६०० व्होल्टचा मागा आणि काउंटरवरच मीटर लावून त्याचे मायक्रोफॅरॅड मोजा, मग पैसे द्या.

काढलेला जुना भाग टाकू नका. तारीख आणि जागा लिहून छोट्या पिशवीत घाला आणि पेटीच्या आत चिकटवून ठेवा. पुढे जो कोणी हा ॲम्प उघडेल त्याला त्याचा उपयोग होईल.