पहिलं विमान घेताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला, की वर्षभरात एक प्रश्न डोकं खायला लागतो. ज्या सेस्ना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर शिकलो तेच चालवत राहायचं, की काहीतरी थरारक घ्यायचं? आमच्या विमानतळावरच्या मराठी मित्रांनी मला हे इतक्यांदा विचारलंय, की एकदाच नीट लिहून काढतो.

पहिली चूक वेगाची. सेस्ना १७२ साधारण १२० नॉटने, म्हणजे ताशी १२० सागरी मैलांच्या वेगाने जाते. घरी जुळवून बांधलेलं दोन आसनी आरव्ही-७ सहज १७० गाठतं. ऐकायला फरक प्रचंड वाटतो. पण २०० सागरी मैलांवर जायचं असेल तर एकीला १ तास ४० मिनिटं लागतात, दुसऱ्याला १ तास १० मिनिटं. वाचला तो अर्धा तास. तेवढा वेळ विमान हँगरमधून ओढून बाहेर काढण्यात आणि इंधन, तेल, टायर तपासण्यात जातोच. रोज लांब जाणार नसाल, तर निव्वळ वेगापायी पैसे घालू नका.

दुसरी चूक खुर्च्या मोजण्याची. १७२ मध्ये चार जागा आहेत, पण म्हणून टाकी भरून चार मोठी माणसं नेता येत नाहीत. नव्या १७२ ची वहनक्षमता साधारण ४०० किलो. भरलेल्या टाकीतलं २०० लिटर पेट्रोल म्हणजे १४४ किलो. उरलेल्या वजनात तीन माणसं आणि त्यांच्या बॅगा, बस्स. आई-वडील भारतातून आले की सगळ्यांनाच फिरवायचं असतं, म्हणून हा हिशेब विकत घेण्याआधीच कागदावर मांडा.

आता शेपटीला चाक असलेली विमानं, म्हणजे टेलड्रॅगर. सिटाब्रिया, पिट्स, सुपर कब. माणसं यांच्या रूपावर भाळतात, आणि मीही भाळलो. सेस्नात विमानाचा भार मुख्य चाकांच्या (पंखांखालच्या दोन चाकांच्या) पुढे असतो, त्यामुळे टेकताना थोडं तिरकं झालं तरी ते आपोआप सरळ होतं. टेलड्रॅगरमध्ये भार चाकांच्या मागे. जरा तिरकं झालं की मागचा भार पुढे यायला बघतो आणि विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. सुपरमार्केटमधली ट्रॉली उलटी ढकलून बघा, लगेच कळेल.

सिटाब्रियात माझं पहिलं उतरणं छान झालं होतं. चाकं टेकली, मी सुटकेचा श्वास सोडला आणि पाय सैल केले. तेवढ्यात नाक डावीकडे वळलं. मागे बसलेल्या प्रशिक्षकाने उजवं पेडल दाबून सावरलं. ‘विमान जागेवर नेऊन दोराने बांधेपर्यंत पाय जिवंत ठेवायचे,’ एवढंच तो म्हणाला. प्रशिक्षकाने वैमानिकाच्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) टेलव्हीलची, म्हणजे शेपटीला चाक असलेलं विमान येत असल्याची, सही दिल्याशिवाय एकट्याने ते उडवता येत नाही, आणि विम्यासाठी त्या प्रकारच्या विमानातले तास आधी विचारतात. म्हणून आधी शिका, मग शोधा.

चाकं आत घेणाऱ्या बोनान्झासारख्या विमानांचं थोडक्यात सांगतो. तिथे चाकं बाहेर काढायला विसरणं ही खरी भीती. शिवाय उतरणीला वेग झपाट्याने वाढतो, तो आधीपासून आवरावा लागतो.

आणि उलटी चूक. मनात हवाई कसरती असताना ‘शहाणपणा’ म्हणून १७२ घेणं. तिच्यात लूप (हवेत उभं वर्तुळ), रोल (कुशीवरून पूर्ण पलटी) करायला परवानगीच नाही. कंटाळा येतो, विमान महिनोन् महिने उभं राहतं आणि इंजिन गंजतं. बहुतेक १७२ मध्ये असणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि दमट हवा आपलं काम करते. जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवून उपयोग नाही, तेल नीट तापत नाही आणि पाणी आतच राहतं. कसरतींची खरी ओढ असेल तर सिटाब्रिया किंवा सेस्ना १५२ एरोबॅट प्रशिक्षकासह दहा तास भाड्याने उडवा.

जुनं विमान बघायला गेलात, की रंगाआधी विमानाचं लॉगबुक मागा. दर वर्षी किती तास उडालंय ते पाहा. मधली दोन-तीन वर्षं कोरी दिसली, तर स्वतःच्या मेकॅनिककडून एक सिलिंडर काढून कॅमशाफ्ट तपासून घ्या. मालक त्याला तयार नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.