सायकल कॉम्प्युटर लवकर उतरतो? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या साताऱ्याच्या सायकल गटात साठी ओलांडलेले एक काका आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या सायकलच्या हँडलवरील, वेग, अंतर आणि रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस कॉम्प्युटरची बॅटरी पुरेनाशी झाली, तेव्हा त्यांनी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात यंत्र उघडून घेतले आणि नवी बॅटरी बसवली. त्यानंतरही यंत्र पूर्वीइतक्याच वेळात उतरत राहिले. भरीला श्रावणात ठोसेघरच्या रस्त्यावर पहिली जोरदार सर आली आणि काचेच्या आतल्या बाजूला वाफेचा पांढुरका पट्टा उमटला, कारण यंत्र उघडताना त्याचे जलरोधक सील तुटले होते. ज्या बॅटरीत दोष नव्हता ती बदलली गेली, आणि जे सील शाबूत होते ते गेले. हे नुकसान अगदी टाळता येण्यासारखे होते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

यंत्र मध्येच बंद पडले की पहिला संशय बॅटरीवर जातो. बॅटरी किती वीज साठवते हा एक प्रश्न आहे आणि यंत्र ती कशावर खर्च करते हा दुसरा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात सापडले आहे, आणि त्यासाठी पेचकस हातात घ्यावा लागलेला नाही.

आधी ताशी खर्च मोजा

‘हल्ली बॅटरी टिकत नाही’ एवढ्या माहितीवर कोणताही दोष सापडत नाही. राइड सुरू करताना बॅटरीची टक्केवारी आणि वेळ टिपून ठेवावी, संपल्यावर पुन्हा टिपावी आणि उतरलेल्या टक्क्यांना तासांनी भागावे. काकांनी एका रविवारी पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावरून १०० टक्क्यांवर सुरुवात केली. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन साडेनऊला परत आले तेव्हा पडद्यावर ३२ टक्के दिसत होते. म्हणजे चार तासांत ६८ टक्के, ताशी १७. या वेगाने यंत्र सहा तासही टिकणार नाही. ज्यांना २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे त्यांच्यापुढे साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणून त्यांचा ताशी खर्च ७.४ टक्क्यांच्या आतच हवा. हा आकडा हाती आला की पुढचे सगळे सोपे होते.

येथे होणारी मोठी चूक म्हणजे एकाच दिवशी पाच सेटिंग बदलणे. बॅटरी सुधारली तरी ती कशामुळे सुधारली हे त्यातून कळत नाही, आणि मग उपयोगाच्या सोयीही कायमच्या बंद राहतात. एका राइडला एकच बदल करावा, रस्ता शक्यतो तोच ठेवावा आणि आकडा वहीत लिहावा.

पडद्यामागचा दिवा

काकांच्या यंत्रातील सगळ्यात मोठा खर्च बॅकलाइटचा निघाला. उजेड १०० टक्क्यांवर होता आणि दिवा कधीच न विझण्याच्या सेटिंगवर होता. मोबाइलच्या सवयीमुळे आपल्याला पडदा सतत उजळलेला हवासा वाटतो, परंतु पुष्कळ सायकल कॉम्प्युटरांचा पडदा मोबाइलसारखा नसतो. त्यावर पडलेला सूर्यप्रकाश मागच्या थरावरून परत फिरतो आणि त्याच प्रकाशात आकडे दिसतात. ऊन जितके कडक, तितके ते स्पष्ट. अशा पडद्याला भर दुपारी बॅकलाइट देणे म्हणजे उन्हात कंदील लावण्यासारखे आहे. आपला पडदा कोणत्या प्रकारचा आहे हे पाहण्यासाठी बॅकलाइट पूर्ण बंद करून यंत्र अंगणात उन्हात धरावे. आकडे नीट वाचता आले, तर दिवसाच्या राइडसाठी दिवा बंद ठेवण्यास काहीच हरकत नाही.

पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी दिवा लागतो, यात शंका नाही. मात्र अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना १० ते २० टक्के उजेड पुरेसा असतो. त्याहून जास्त उजेडाने समोरचा रस्ताच काळा दिसू लागतो आणि घाट उतरताना ते धोक्याचे आहे. दिवा विझण्याची वेळ १५ सेकंदांवर ठेवावी आणि हवा तेव्हा बटण दाबून तो लावावा. आपोआप कमी-जास्त होणारा उजेड सोयीचा असला, तरी घाटातील झाडीत सावली आणि ऊन आळीपाळीने येत असताना तो वारंवार वाढतो, म्हणून त्याची कमाल मर्यादा खाली आणता येत असेल तर आणावी. काळ्या पार्श्वभूमीने बॅटरी वाचते असे ऐकिवात असते. ते फक्त अमोलेड पडद्यांना लागू आहे, कारण त्यांतील काळे ठिपके खरोखर विझलेले असतात. एलसीडी पडद्यामागचा दिवा मात्र काळ्या रंगामागेही जळतच राहतो.

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांची आणखी एक अडचण आमच्या भागात प्रकर्षाने जाणवते. जून ते सप्टेंबर कासच्या पठारावर धुके आणि बारीक पाऊस असतो, आणि पडद्यावर पडणारा प्रत्येक टपोरा थेंब यंत्राला बोटाचा स्पर्श वाटू शकतो. पाने आपोआप बदलतात, दिवा पुन्हा पुन्हा लागतो, क्वचित राइडची नोंदच थांबते. पाऊस सुरू होताच पडदा लॉक करण्याची सवय लावून घ्यावी.

मोबाइलच्या सूचनांकडे मी या दिवा प्रकरणाचाच भाग म्हणून पाहतो. ब्लूटूथची जोडणी स्वतः फार वीज खात नाही, परंतु प्रत्येक संदेशासोबत पडदा उजळतो. पहाटे सहा ते आठ या वेळात व्हॉट्सअॅपच्या गटांवर येणारे ‘शुभ सकाळ’चे संदेश मोजले, तर काकांचा दिवा विझायला सवडच का मिळत नव्हती हे लक्षात येईल. फक्त फोन कॉलची सूचना चालू ठेवावी. घरच्यांना गरज पडली तर ते फोनच करतात.

दिवा आणि सूचना एवढे दोनच बदल, दोन वेगवेगळ्या रविवारी, आम्ही केले. त्याच रस्त्यावर चार तासांनंतर यंत्रात ७२ टक्के शिल्लक होते. ताशी खर्च १७ वरून ७ वर आला होता.

उपग्रह आणि नकाशा

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्यापर्यंत पोहोचणारा त्यांचा संकेत अत्यंत क्षीण असतो. उपग्रह स्वतः नेमका कोठे आहे ही माहिती तो सेकंदाला अवघे ५० बिट या संथ वेगाने पाठवतो, त्यामुळे ती पूर्ण उतरवून घेण्यास मोकळ्या आकाशाखालीही अर्धा मिनिट लागू शकते. इमारतीच्या पार्किंगमध्ये यंत्र चालू करून लगेच पेडल मारायला सुरुवात केली, तर ते गल्लीबोळांतून तुटक संकेत गोळा करत पूर्ण ताकदीने शोध घेत राहते. निघण्यापूर्वी दोन मिनिटे यंत्र उघड्यावर स्थिर ठेवावे. आदल्या रात्री मोबाइलशी सिंक केल्यास उपग्रहांच्या जागांची आगाऊ माहिती यंत्रात भरली जाते आणि सकाळचा शोध काही सेकंदांत आटोपतो.

नव्या यंत्रांत एकाच वेळी जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ अशा अनेक प्रणाली आणि एल१ व एल५ अशा दोन वारंवारता वापरण्याची सोय असते. त्याने अचूकता वाढते आणि वीजही जास्त लागते. ही सोय कोठे वापरावी याचा विवेक हवा. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या घाटात संकेत खडकावर आपटून उशिरा पोहोचतो व नकाशावरील रेघ वाकडीतिकडी होते. तेथे दुहेरी वारंवारतेचा खरा उपयोग आहे. सातारा ते कोरेगाव, रहिमतपूर या उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर साधा जीपीएस अगदी पुरेसा ठरतो. चाकावर वेगाचा सेन्सर असेल तर अंतर आणि वेग उपग्रहांवर फारसे अवलंबून राहत नाहीत, म्हणून लांबच्या राइडला मी साधा पर्यायच निवडतो. गार्मिन कंपनीच्या एज मालिकेतील अनेक यंत्रांत असा खर्च कमी करणारा स्वतंत्र बॅटरी सेव्ह मोड असतो. इतर कंपन्यांच्या यंत्रांतही मिळतीजुळती सोय असते का, हे सेटिंगमध्ये एकदा शोधून पाहावे.

नकाशाचे पान सतत उघडे ठेवणे हीसुद्धा सवयीची चूक आहे. आपण पुढे सरकू तसा नकाशा क्षणोक्षणी नव्याने रेखाटावा लागतो, आणि रस्ता चुकल्यास नवा मार्ग काढण्यासाठी यंत्राला मोठी आकडेमोड करावी लागते. रस्ता ओळखीचा असताना मार्गदर्शन चालूच करू नये. अनोळखी मुलुखात मार्ग लोड करावा, पण समोर वेग आणि अंतराचे पान ठेवावे व वळणाची सूचना तेवढी चालू असू द्यावी. फाट्याजवळ चहाला थांबल्यावर यंत्र दर मिनिटाला नवा मार्ग काढत बसत असेल, तर आपोआप मार्ग बदलण्याची सोय बंद करावी.

सेन्सरांबाबत थोडक्यात सांगायचे तर हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा, पेडल फिरवण्याची गती मोजणारा कॅडन्स सेन्सर किंवा पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर यांची जोडणी अत्यल्प विजेत चालते. त्या बंद करून हाती काही लागत नाही. घरी पडून असलेल्या किंवा विकून टाकलेल्या सेन्सरची नावे मात्र यादीतून काढावीत, म्हणजे यंत्र त्यांना शोधत राहणार नाही. त्याचप्रमाणे बऱ्याच यंत्रांचे बटण हलके दाबल्यास यंत्र बंद न होता केवळ झोपी जाते. रविवारी पूर्ण भरलेले यंत्र पुढच्या शनिवारी निम्मे निघाले, तर ते खरोखर बंद केले होते का हे आधी आठवून पाहावे.

चार्जिंग, पाऊस आणि ऊन

यंत्र जलरोधक असते म्हणून चार्जिंगचे तोंडही ओले चालते, असा समज फार पसरलेला आहे. आयपीएक्स७ या मानांकनाचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, इतकाच. आणि रबरी झाकण उघडून केबल लावलेली असताना तो दिलासाही उरत नाही. ओलाव्यात वीज सोडली की धातूच्या संपर्कपट्ट्या गंजतात. एका मित्राच्या यंत्राचे झाकण मी भिंगाखाली उघडून पाहिले, तेव्हा आत घामाच्या मिठाचे पांढरे कण आणि पट्ट्यांवर हिरवट थर स्पष्ट दिसत होता. ते यंत्र रात्रभर लावूनही पूर्ण भरत नव्हते, आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जात होता. बंद यंत्रावर कोरडा मऊ ब्रश आणि कापसाच्या काडीवर अगदी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढ्याने ते पूर्ववत झाले. भिजून आल्यावर यंत्र पुसून पंख्याखाली ठेवावे आणि सकाळी चार्ज करावे. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय मी टाळतो, कारण तांदळाची भुकटी नेमकी त्याच तोंडात जाऊन बसते.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेले काळे यंत्र हाताला चटका देते, आणि साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करणे बॅटरीला हानिकारक असते. उन्हातून आल्यावर यंत्र निवेपर्यंत थांबावे. पावसाळाभर सायकल बाजूला ठेवणाऱ्यांनी यंत्र पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे न ठेवता निम्म्यावर ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावे. हिवाळ्यात महाबळेश्वरला पहाटे टक्केवारी थोडी लवकर घसरल्यास घाबरू नये. थंडीत घटलेली क्षमता ऊब मिळताच परत येते.

ब्रेव्हेला पॉवर बँक नेणाऱ्यांनी एक गोष्ट घरीच तपासावी. सायकल कॉम्प्युटर फार थोडी वीज ओढतो, आणि काही पॉवर बँका इतक्या थोड्या मागणीला मोबाइल काढून घेतला असे समजून आपोआप बंद होतात. रात्री महामार्गावर हे लक्षात येणे फार महागात पडते. यंत्र शून्यावर येण्याची वाट न पाहता ब्रेव्हेच्या वाटेवरील नोंदणीच्या (नियंत्रण) ठिकाणी छताखाली थांबलेले असतानाच ते भरून घ्यावे.

खरोखर बॅटरी म्हातारी झाली असेल तर

वरील सर्व करूनही ताशी खर्च कमी होत नसेल, तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे आणि नवे सॉफ्टवेअर आले आहे का ते पाहावे. अद्ययावत केल्यानंतरच खर्च वाढला असेल, तर जुन्या राइड संगणकावर उतरवून घेऊन यंत्र मूळ स्थितीत आणावे. हे करताना सगळी सेटिंग पुसली जातात, म्हणून त्यांची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत.

टक्केवारीचा आकडाही चुकू शकतो. ३० टक्क्यांवर दिसणारे यंत्र अचानक बंद पडत असेल, तर एकदा ते वापरून पूर्ण उतरू द्यावे आणि न थांबता १०० टक्के भरावे, म्हणजे मोजणी पुन्हा जुळते. हा उपाय एकदाच करायचा आहे. दरवेळी पूर्ण उतरवल्याने बॅटरीचे आयुष्य घटते. त्यानंतरही दिवा लागताच किंवा नकाशा उघडताच यंत्र बंद पडत असेल, तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला आहे, म्हणजे एकदम जास्त वीज देणे तिला जमत नाही, असे समजावे. भरणे आणि उतरणे यांच्या साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर अशा बॅटऱ्यांची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येणे स्वाभाविक आहे. तेव्हा मात्र बॅटरी बदलावी, आणि ती अधिकृत सेवा केंद्रातच बदलावी, जेथे सील नव्याने बसवून देतील का हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे.

पडदा चौकटीतून वर उचललेला दिसला किंवा पाठीचे झाकण फुगलेले जाणवले, तर बॅटरी आतून फुगली आहे. असे यंत्र त्या क्षणापासून चार्ज करू नये, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकू नये. ते घरातल्या सामानापासून दूर, कोरड्या जागी ठेवून ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे सोपवावे.