शेवाळ पचवणारे बॅक्टेरिया कसे पकडायचे

गोव्यात हणजुणच्या खडकांवर पावसाळा सरल्यावर सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ मिळतं, त्यातलं कुजून बुळबुळीत झालेलं घ्या, ताजं नको. सोडियम अल्जिनेट (अशा शेवाळातलाच लांब साखळीचा पदार्थ, या बॅक्टेरियांचं खाणं) आधी डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवा, थेट समुद्राच्या पाण्यात टाकलंत तर कॅल्शियममुळे गुठळ्या होतात आणि मग बसा ढवळत. मीठ आणि गोठवायला अगार घालून प्लेटा ओता, शेवाळाचं धुवण डायल्यूट करून पसरा.

कॉलन्या (बॅक्टेरियांचे ठिपके) आल्या की सेटिलपिरिडिनियम क्लोराइड ओता, प्लेट पांढुरकी होते आणि अल्जिनेट तुटलंय तिथेच पारदर्शक गोल दिसतो. पण त्याने कॉलन्या मरतात, म्हणून आधी दुसऱ्या प्लेटवर कॉपी काढाच. अगारातच खड्डा पडला तर लगेच खूश होऊ नका, ते अगार तोडणाऱ्या अगारेज एन्झाइमचं काम, वेगळं प्रकरण.

खात्रीला 235 नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स वाढतो का बघा, लायेज (अल्जिनेट तोडणारं एन्झाइम) साखळी कापतं तेव्हा टोकाला डबल बाँड होतो, तो तिथे पकडला जातो.

लायेजचा जीन हवा असेल तर 16एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) पुरत नाही, त्याने फक्त बॅक्टेरिया कोणता ते कळतं. जीनोम सिक्वेन्स करून पीएल6, पीएल7, पीएल17 या अल्जिनेट लायेजच्या फॅमिल्या शोधा, बॅक्टेरॉइडीट्स या बॅक्टेरियांच्या गटात हे जीन्स बऱ्याचदा एकाच ठिकाणी घोळक्याने असतात, एक सापडला की शेजारीपाजारी पण बघाच.