लांब उडी : रन-अप बसवण्यापासून सहाव्या उडीपर्यंत

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष खेळाडू आठ मीटरच्या आसपास उडी मारू शकतो. तरीही त्यातले काही जण तीन उड्यांतच बाहेर पडतात. ताकद कमी पडली म्हणून असे क्वचितच होते. बहुतेकदा पाय उडी घ्यायच्या फळीवर नीट पडत नाही, आणि तो कुठे पडणार हे चाळीस-पंचेचाळीस मीटर मागे, धावेच्या पहिल्या चार पावलांत बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा रन-अपला, म्हणजे फळीपर्यंतच्या धावेला, दिली आहे.

आधी मापे. धावपट्टी १.२२ मीटर रुंद आणि किमान ४० मीटर लांब असते. फळी २० सेंटिमीटर रुंद, पांढरी. तिची खड्ड्याकडची कड म्हणजे टेक-ऑफ रेषा. ही रेषा आणि वाळूची सुरुवात यांत १ ते ३ मीटर अंतर असते. उडी मोजतात ती रेषेपासून. तुमचा पाय कुठून उठला याच्याशी मोजणाऱ्याला देणेघेणे नाही. रेषेआधी १२ सेंटिमीटर पाय उठला तर तेवढे अंतर गेलेच. नोव्हेंबर २०२१ पासून फाउलचा नियमही कडक झाला आहे : बुटाचे टोक रेषेवरच्या उभ्या प्रतलाच्या पुढे गेले की उडी बाद, मग रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनवर (ठसा टिपणाऱ्या मऊ पट्टीवर) ठसा उमटो वा न उमटो. जुन्या सवयीने अगदी काठावर पाय टाकणाऱ्यांना हा बदल महागात पडतो. सरावात रेषेच्या ५ ते ८ सेंटिमीटर मागे बुटाचे टोक येईल असे लक्ष्य ठेवा.

पावले किती घ्यायची

वरच्या दर्जाचे पुरुष खेळाडू साधारण १८ ते २२ पावले घेतात. नवोदिताने १२ ते १६ वर थांबावे. ज्या पावलापर्यंत तुमचा वेग खरोखर वाढत राहतो, तिथपर्यंतच रन-अप. त्यापुढची पावले दम खातात आणि चूक वाढवतात. हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते. फळीआधी ११ ते ६ मीटर आणि ६ ते १ मीटर या दोन तुकड्यांची वेळ टायमिंग गेटने (धावणारा ओलांडताच वेळ टिपणाऱ्या यंत्राने) किंवा जास्त फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घ्या. आठ मीटरपलीकडची उडी मारणाऱ्यांचा वेग इथे सेकंदाला साडेदहा ते अकरा मीटरपर्यंत असतो. दुसऱ्या तुकड्यात वेग ठळकपणे उतरत असेल, तर दोनच शक्यता : रन-अप लांब आहे, किंवा फळीचा धसका घेऊन पावले तोडली जात आहेत.

सम पावलांचा रन-अप असेल, तर सुरुवातीच्या खुणेवर उडीचा पाय (ज्याने फळीवरून उडी घ्यायची तो) पुढे ठेवून उभे राहा. विषम असेल तर दुसरा पाय. हे एकदा ठरले की बदलू नका. तसेच उभे राहून सुरुवात करायची की दोन पावले चालत येऊन, हेही ठरवून टाका. चालत येणे मोकळे वाटते, पण त्या चालीत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि तो पुढे शेवटपर्यंत सोबत येतो. दडपणाखाली पावले डगमगणाऱ्याने उभ्यानेच सुरुवात करावी, असे आमचे ठाम मत आहे.

खूण बसवणे

सुरुवात फळीकडून करा. टेक-ऑफ रेषेवर टाचा ठेवून, खड्ड्याकडे पाठ करून, उलट दिशेने पूर्ण वेगाची धाव घ्या. ठरलेले पाऊल, समजा अठरावे, जिथे पडेल तिथे साथीदाराने खूण करावी. असे सहा ते आठ वेळा करा. सर्वांत पुढची आणि सर्वांत मागची खूण सोडून उरलेल्यांची सरासरी घ्या. तीच कच्ची सुरुवात. आता तिथून फळीकडे धावा. उडी मारू नका, नुसते पळत फळीवरून निघून जा. पाय कुठे पडतो ते सहा धावांत लिहून ठेवा आणि त्यानुसार खूण हलवा. शेवटी स्टीलच्या टेपने अंतर मोजून सेंटिमीटरपर्यंत वहीत नोंदवा. कापडी टेप ताणली जाते, तिच्यावर विसंबू नका.

स्पर्धेत धावपट्टीच्या कडेला एक किंवा दोन खुणा ठेवता येतात. खडूची रेघ चालत नाही. पहिली सुरुवातीची. दुसरी चौथ्या किंवा सहाव्या पावलाची, आणि खरी किंमत हिचीच. पहिल्या चार पावलांत चार सेंटिमीटर कमी-जास्त झाले, तर उरलेली पावलेही त्याच प्रमाणात लांब-आखूड होत जातात आणि फळीपाशी चूक कितीतरी मोठी दिसते. प्रशिक्षकाने तिसरी जागा मनात धरावी : फळीआधी सहावे पाऊल. सरावात तिथे पट्टी चिकटवा, स्पर्धेत नजरेने बघा. सहावे पाऊल जागेवर पडले आणि तरी फाउल झाला, तर दोष शेवटच्या पावलांचा. खूण हलवून उपयोग नाही. सहावे पाऊलच १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर सुरुवात तेवढी मागे घ्या.

इथे एक फसवी गोष्ट घडते. शेवटच्या चार-पाच पावलांत डोळे फळीचा अंदाज घेतात आणि पावले आपोआप जुळवली जातात. पाय फळीवर अचूक पडला तरी तो लांब टांगा टाकून पडला असेल, तर खूण चुकीचीच आहे. ती पुढे आणा. आखूड पावले टाकत पोचला असाल, तर मागे न्या. फक्त प्लॅस्टिसिनकडे बघून निर्णय घेणारा प्रशिक्षक इथेच चुकतो.

शेवटची दोन पावले

शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब, सपाट, शरीराचा भार थोडा खाली नेणारे. शेवटचे त्याहून आखूड आणि झटपट. फळीवर पाय टेकून सुटेपर्यंत सेकंदाचा साधारण आठवा-नववा भागच मिळतो, म्हणून पाय वरून आदळू नये, मागे ओढत असल्यासारखा सपाट यावा. टाच आधी रुतली की ब्रेक लागतो आणि घोट्याला-टाचेला मार बसतो. जास्त उंच जायच्या नादात वेग मारला जातो. चांगल्या उडीचा कोन २० अंशांच्या आसपासच असतो.

हवेत हँग (शरीर ताणून लटकल्यासारखे राहणे) करा की हिच-किक (चालल्यासारखे पाय मारणे), त्याने अंतर वाढत नाही. फक्त पुढे कोलमडणे थांबते आणि पाय वेळेवर पुढे येतात. वाळूत टाचा टेकताच गुडघे सैल सोडून कंबर पुढे जाऊ द्या. माप घेतात ते रेषेला सर्वांत जवळच्या ठशापासून, मग तो हाताचा असला तरी. खड्ड्यातून बाहेर पडताना पहिले पाऊल त्या ठशापेक्षा रेषेच्या जवळ पडले, तर उडी बाद होते. म्हणून पुढूनच बाहेर या.

स्पर्धेचा दिवस

पात्रता फेरीत तीनच उड्या. ठरलेले अंतर गाठणारे, आणि ते कमी पडले तर पुढचे सर्वोत्तम, मिळून किमान बारा जण अंतिम फेरीत जातात. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत थेट पात्रता ८.१५ मीटर होती, आणि भारताचा जेस्विन ऑल्ड्रिन ८.०० मीटरवर बारावा येऊन आत गेला. पहिली उडी वैध हवीच. त्यासाठी खूण नेहमीपेक्षा ८ ते १० सेंटिमीटर मागे ठेवा, कारण स्पर्धेच्या चेवात पावले लांबतात. पात्रतेतले अंतर अंतिम फेरीत धरत नाहीत.

अंतिम फेरीत पहिल्या तीन उड्यांनंतर मागच्या क्रमांकाचे गळतात. रूढ पद्धतीत आठ उरतात. काही स्पर्धांत आता टप्प्याटप्प्याने कमी करतात, ते तांत्रिक बैठकीत विचारून घ्या. प्रत्येक उडीला एक मिनिट असते. वेळ संपण्याआधी धाव सुरू झाली असेल, तर उडी ग्राह्य. शेवटचे १५ सेकंद उरले की पिवळा झेंडा वर होतो, तेव्हा वाऱ्याची वाट बघणे सोडा.

वारा पाठीमागून असेल तर खूण १५ ते ३० सेंटिमीटर मागे, समोरून असेल तर तेवढीच पुढे. नेमका आकडा तुमच्या वहीतून यायला हवा, म्हणून सरावात प्रत्येक धावेपुढे वारा लिहा. पाठीचा वारा सेकंदाला २.० मीटरहून जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत, पण क्रमवारीसाठी उडी मोजतात. १९९१ च्या टोकियोतील जागतिक स्पर्धेत कार्ल लुईसची ८.९१ मीटरची उडी अशीच वाऱ्याची होती. माइक पॉवेलने पाचव्या फेरीत वैध वाऱ्यात ८.९५ मारली आणि सुवर्ण व विश्वविक्रम दोन्ही नेले.

आघाडीवर असलात तरी उरलेल्या उड्या वाया घालवू नका, कारण बरोबरी झाली की दुसरी सर्वोत्तम उडी बघतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये ग्रीसचा तेंतोग्लू आणि क्युबाचा एचेवारिया दोघेही ८.४१ वर होते, दुसऱ्या सर्वोत्तम उडीत ८.१५ विरुद्ध ८.०९ असा निकाल तेंतोग्लूच्या बाजूने लागला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा मुरली श्रीशंकर आणि बहामाचा लाक्वान नेर्न या दोघांचे अंतर ८.०८ होते. नेर्नची दुसरी सर्वोत्तम उडी ७.९८ आणि श्रीशंकरची ७.८४, म्हणून सुवर्ण नेर्नला. तेंतोग्लूने आपली ८.४१ सहाव्या फेरीत मारली होती. सहाव्या उडीआधी वारा बदललेला नसेल, तर पाचव्या उडीची खूण तशीच ठेवा आणि दुसऱ्या खुणेपर्यंतची चार पावले पहिल्या उडीसारखीच टाका.