लिलावाची यादी बदलत असताना वाचकाची ओळ जागेवर ठेवण्यासाठी करावयाची तयारी

दर काही सेकंदांनी नव्या नोंदी येणाऱ्या यादीचे काम हाती घेताना कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक निर्णय लेखी करून घ्यावा: यादी बदलल्यावर वाचकाने नेमके कुठे असावे. उदाहरणादाखल सोलापूरच्या बाजार समितीतील कांद्याच्या लिलावाचे दर दाखवणारे एखादे अ‍ॅप घेऊ. डिसेंबर-जानेवारीत आवक चढली की आडत्यांच्या गाळ्यांवरून दर एकामागोमाग येऊ लागतात. शेतकरी आपल्या मालाचा क्विंटलचा दर वाचत असतो आणि तेवढ्यात वरून चार नव्या ओळी येऊन त्याची ओळ बोटाखालून निसटते. दाबली एक ओळ आणि उघडला भलत्याच गाळ्याचा तपशील, असे दोनदा झाले की आकडे बरोबर असूनही तो अ‍ॅप बंद करतो आणि आडत्याला फोन लावतो.

हा निर्णय तीन स्थितींसाठी वेगवेगळा लिहावा लागतो. वाचक अगदी वर असेल आणि बोट काचेवर नसेल, तर नवी नोंद त्याला लगेच दिसावी. तो मधे कुठे वाचत असेल, तर त्याची ओळ तसूभरही हलू नये आणि वर ‘५ नवे दर’ असे बटण यावे. आणि बोट काचेवर असेल किंवा यादी वेगात सरकत असेल, तर अ‍ॅपने स्वतःहून काहीही सरकवू नये. ‘अगदी वर’ याचा अर्थ शून्य पिक्सेल असा धरू नये, कारण बोटाच्या हलक्या स्पर्शानेही यादी थोडी सरकते; पहिली ओळ निम्म्याहून अधिक दिसत असेल तर वाचक वर आहे असे मानणे व्यवहारात पुरते. हा निर्णय काम देणाऱ्या ग्राहकाकडून मान्य करून घ्यावा. तो झाला नसेल तर पुढे प्रत्येक तक्रारीगणिक कोडमध्ये एकेक अपवाद जोडला जातो आणि शेवटी यादी कोणत्या नियमाने सरकते हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी तयारी ओळींच्या ओळखीची. प्रत्येक नोंदीला स्थिर आणि एकमेव की, म्हणजे ओळखखूण, हवी, आणि एरवी ती सर्व्हरकडून आलेली असावी. ओळीचा क्रमांक ही की नव्हे, कारण वर एक नोंद आली की सगळे क्रमांक बदलतात. लॉट क्रमांक रोज नव्याने सुरू होत असेल तर तोही एकटा पुरत नाही, त्याला तारीख आणि गाळा जोडावा लागतो. आडत्याने स्वतः भरलेली नोंद सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच यादीत दाखवायची असेल, तर बहुतेक ठिकाणी तिला तात्पुरती की दिली जाते आणि उत्तर आल्यावर ती बदलली जाते. जुन्या-नव्या यादीची तुलना करणाऱ्या कोडच्या दृष्टीने हा बदल नसून जुनी ओळ काढून नवी घातल्याचा प्रकार असतो, त्यामुळे ओळ लुकलुकते आणि ती धरून ठेवलेली जागाही सुटते. म्हणून फोनवर तयार झालेली कीच सर्व्हरने शेवटपर्यंत जपावी, अशी बोलणी सर्व्हरचे काम करणाऱ्यांशी आधीच करून ठेवावीत.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा कशात मोजायची. वरपासून किती पिक्सेल सरकलो, हा आकडा वर काहीही घातले किंवा काढले की निरर्थक ठरतो. जागा दोन गोष्टींनी नोंदवावी: दिसणाऱ्या पहिल्या ओळीची की आणि ती ओळ चौकटीच्या वरच्या कडेपासून किती अंतरावर आहे. ती ओळच नव्या यादीत नसण्याची शक्यता असते, कारण दर रद्द होतात आणि चुकीच्या नोंदी मागे घेतल्या जातात. म्हणून एका ओळीऐवजी दिसणाऱ्या सगळ्या ओळींच्या की अंतरासह टिपाव्यात आणि त्यांपैकी टिकलेली पहिली ओळ आधार म्हणून घ्यावी. ही टिपणी सर्व्हरला विनंती पाठवताना करून उपयोग नाही. विनंती आणि उत्तर यांच्या मधल्या काळात वाचक पुढे सरकलेला असतो. नवी यादी पडद्यावर लावण्याच्या अगदी आधीच्या क्षणी टिपलेली जागाच खरी. अँड्रॉइडच्या रीसायकलरव्ह्यू या यादी दाखवणाऱ्या घटकामध्ये नंतर स्क्रोलटूपोझिशनविथऑफसेट ही ओळ ठरावीक अंतरावर आणणारी पद्धत वापरायची असेल, तर ओळीच्या वरच्या कडेतून यादीचे वरचे पॅडिंग (कडेची मोकळी जागा) वजा करून अंतर नोंदवावे, कारण ती पद्धत पॅडिंगनंतरच्या रेषेपासून मोजते. ही वजाबाकी राहिली की प्रत्येक बदलाबरोबर यादी तेवढ्याच पिक्सेलने खाली घसरत जाते, आणि ही घसरण इतकी मंद असते की चाचणीत ती सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

सर्वांत जास्त वेळ चौथ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा, ती म्हणजे घटनांचा क्रम. लिस्टअ‍ॅडॅप्टरला (यादीला नोंदी पुरवणाऱ्या भागाला) सबमिटलिस्ट या आज्ञेने नवी यादी दिली म्हणजे ती लागली, असे नाही. जुन्या आणि नव्या यादीची तुलना पार्श्वभूमीच्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालते आणि तिचा निकाल नंतर पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर येतो. म्हणून सबमिटलिस्टच्या लगेच पुढच्या ओळीत लिहिलेली स्क्रोलची आज्ञा जुन्याच यादीवर चालते. ‘दोनशे मिलिसेकंद थांबा आणि मग सरकवा’ असा तोडगा पुष्कळ ठिकाणी सापडतो. तो चांगल्या फोनवर चालतो, स्वस्त फोनवर फसतो, आणि तपासणीत दिसल्याबरोबर काढून टाकण्याजोगा आहे. सबमिटलिस्टला दुसरा घटक म्हणून कमिट कॉलबॅक (यादी लागल्यावर चालवला जाणारा कोड) देता येतो, स्क्रोलची आज्ञा तिथे द्यावी. तिथेही दोन बारकावे आहेत. कॉलबॅक येतो तेव्हा अ‍ॅडॅप्टरला बदल कळलेला असतो, पण मांडणी अजून झालेली नसते. त्यामुळे स्क्रोलची आज्ञा पुढच्या मांडणीसाठी नोंदली जाते आणि बरोबर चालते, मात्र त्याच क्षणी नव्या ओळीचा व्ह्यू (तिचा पडद्यावरचा भाग) मागितला तर तो मिळत नाही, त्यासाठी पुढच्या मांडणीची वाट पाहावी लागते. दुसरे असे की एका यादीची तुलना पुरी होण्याआधी दुसरी यादी दिली, तर पहिलीचा कॉलबॅक कधीच न येण्याची शक्यता असते, आणि लिलाव रंगात असताना नेमके हेच घडते. म्हणून ‘वर न्यायचे आहे’ ही खूण कॉलबॅकमध्ये अडकवून न ठेवता पडद्याच्या स्थितीत ठेवावी आणि जी यादी प्रत्यक्ष लागेल तिच्या वेळी ती वापरून पुसावी. याच अनुषंगाने हेही पाहावे की आधीची यादी जागच्या जागी बदलून तीच पुन्हा सबमिटलिस्टला दिलेली नाही ना. तसे केल्यास अ‍ॅडॅप्टर तिला जुनीच समजून काहीही करत नाही. ‘यादी बदलली’ एवढेच कळवणारे नोटिफायडेटासेटचेंज्ड वापरलेले दिसले तर त्याचे कारण विचारावे, कारण नेमके काय बदलले ही माहितीच तिथे टाकून दिली जाते.

नोंदी वरून येत असताना रीसायकलरव्ह्यू स्वतः काय करतो, हेही प्रत्येकाने एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे. तो दिसणारी ओळ धरून ठेवतो, त्यामुळे मधे वाचणाऱ्याचे बहुधा भागते. पण वाचक अगदी वर असतानाही जुनीच पहिली ओळ धरली जाते आणि नवा दर पडद्याच्या वर दडून राहतो. अँड्रॉइडचे पडदे बांधण्याच्या जेटपॅक कंपोझ या साधनातील लेझीकॉलम या यादीमध्ये प्रत्येक आयटमला की दिली की वागणूक अशीच असते, की दिली नाही तर जागा क्रमांकावर धरली जाते. तिथे वरच राहायचे असेल तर कंपोझच्या १.७ आवृत्तीपासून आलेली रिक्वेस्टस्क्रोलटूआयटम ही सोय आहे. जुन्या स्क्रोलटूआयटमला कोरुटीन (मधेच थांबवता येणारे काम) लागतो आणि वाचकाने मधेच बोट लावले तर ती रद्द होते. माझ्या मते हे रद्द होणे योग्यच आहे आणि त्याला वळसा घालू नये.

आयफोनवर वेगळी काळजी घ्यावी लागते. यूआयटेबलव्ह्यू या यादीच्या घटकामध्ये नोंदी घालण्याआधीची आणि नंतरची एकूण उंची मोजून फरक कंटेंटऑफसेटमध्ये (यादी किती सरकली त्या आकड्यात) मिळवण्याची रीत सर्वश्रुत आहे, पण ओळींची उंची अंदाजित असेल तर एकूण उंचीही अंदाजच असते आणि मिळवलेला फरक खोटा ठरतो. सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या असतील तर ती उंची ठरवूनच द्यावी. नसतील तर एकदा मोजलेली उंची कीबरोबर जपून पुढच्या वेळी अंदाज म्हणून परत द्यावी. २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर आलेला डिफेबल डेटासोर्स (जुन्या-नव्या यादीतला फरक स्वतः काढणारा भाग) वापरत असल्यास, अ‍ॅनिमेशन नको असे सांगितल्यावर आयओएस १५ च्या आधी संपूर्ण यादी पुन्हा लादली जात असे आणि त्यानंतर फक्त फरक लावला जातो, हे ध्यानात ठेवून जुन्या फोनवर वेगळी चाचणी ठेवावी.

उंचीचा प्रश्न सोलापुरात जरा अधिकच टोचतो. इथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड रोजच्या वापरात आहेत, बाजारात कर्नाटकातूनही कांदा येतो, आणि या लिप्यांची अक्षरे एकाच मापाच्या फाँटमध्येही सारखी उंची घेत नाहीत. मराठीत एका ओळीत बसलेले नाव कन्नडमध्ये दोन ओळींत जाते. भाषा बदलल्यावर किंवा फाँट मोठा केल्यावर जुने पिक्सेल अंतर निरुपयोगी होते; तेव्हा केवळ की वापरून ओळ वरच्या कडेला आणावी आणि अंतर सोडून द्यावे. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे दोनशे टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, त्या मापावर यादी एकदा तरी चालवून पाहावी. मालाची छायाचित्रे असतील तर त्यांची लांबी-रुंदी सर्व्हरने नोंदीबरोबरच पाठवावी, म्हणजे चित्र येण्याआधीच जागा राखता येते. चित्र आल्यावर ओळ फुगणे हे यादी उडण्याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टळणारे कारण आहे.

‘माहिती येत आहे’ असे सांगणाऱ्या ओळीकडे कोणी लक्ष देत नाही, पण ती फार गोंधळ घालते. सुरुवातीला यादीत तीच एकटी असते, मग तिच्या वर वीस नोंदी घातल्या जातात, यादी दिसणारी ओळ धरून ठेवते, आणि वाचक थेट तळाशी पोहोचतो. पहिल्या भरतीच्या वेळी ही खूण यादीबाहेर, पडद्याच्या मध्यभागी दाखवावी. यादीच्या शेवटी ती पुढचे पान मागवतानाच यावी.

पडद्यावर परत येण्याची तयारी थोडक्यात होते. जागेची की आणि अंतर जतन केलेल्या स्थितीत ठेवावे, आणि माहिती येण्याआधी रिकाम्या यादीवर जुनी जागा लादली जाणार नाही असे पाहावे, रीसायकलरव्ह्यूच्या १.२.० आवृत्तीपासून यासाठी प्रिव्हेंटव्हेनएम्प्टी हे धोरण मिळते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (दोन्ही प्रकारच्या फोनसाठी एकत्र कोड लिहिण्याचे साधन) वापरणाऱ्यांनी मेंटेनव्हिजिबलकंटेंटपोझिशन हा प्रॉप (गुणधर्म) लावताना तो अँड्रॉइडवर ०.७२ पासूनच चालतो हे तपासावे, आणि ओळींची उंची आधी सांगितली नसेल तर क्रमांकाने ओळ गाठणारे स्क्रोलटूइंडेक्स फसल्यावर काय करायचे तेही लिहून ठेवावे. फ्लटर या तशाच साधनामध्ये कंट्रोलर (यादी सरकवणारा भाग) यादीला जोडला गेला आहे का हे पाहूनच, आणि फ्रेम (पडद्याचे चालू रेखाटन) पूर्ण झाल्यावर, उडी मारावी; तिथे तळाचे अंतर अंदाजित असल्याने एका उडीत तळ गाठला जाईलच असे नाही.

चाचणीसाठी कार्यालयातील वायफायवर विसंबू नये. सर्व्हरचे उत्तर मुद्दाम तीन सेकंद अडवणारी, दोन उत्तरे उलट्या क्रमाने देणारी आणि वाचत असलेलीच नोंद काढून टाकणारी अशी बनावट माहिती आधी तयार करावी, आणि प्रत्येक बदलाच्या आधी व नंतर आधाराच्या ओळीची की आणि अंतर लॉगमध्ये उतरवावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर चाचणी नापास, मग डोळ्यांना काहीही वाटो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतील ‘अ‍ॅक्टिव्हिटी ठेवू नका’ हा पर्याय चालू करून अ‍ॅपमधून बाहेर जाऊन परत यावे. टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर ही पडदा वाचून दाखवणारी साधने चालू असताना वेगळी फेरी घ्यावी, कारण ओळ पडद्यावर जागेवर राहिली तरी वाचून दाखवणारा फोकस कधी कधी यादीच्या सुरुवातीला जातो. तो त्याच कीच्या ओळीवर राहतो का ते पाहावे, आणि नव्या दरांचे बटण आल्याची सूचना चालू वाक्य न तोडता, ते संपल्यावर बोलली जाईल अशी ठेवावी.