अकरावीत अडवलं ते ओळखीच्या शब्दांनी

दहावीपर्यंत मी परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलो. अकरावी सायन्सला लातूरला आलो तेव्हा धास्ती फोटोसिंथेसिससारख्या लांबलचक शब्दांची होती. ते महिनाभरात पाठ झाले, कारण त्यांना अर्थ एकच. दगा दिला तो रोजच्या शब्दांनी.

पहिल्याच चाचणीत केमिस्ट्रीला 'अकाउंट फॉर' असा प्रश्न आला. अकाउंट म्हणजे बँकेतलं खातं, एवढंच ठाऊक. हिशोब मांडायचा असेल म्हणून आकडे शोधत बसलो. विचारलं होतं फक्त 'कारण द्या', आणि कारण मला येत होतं! 'स्टेट द लॉ' म्हणजे नियम सांगा. 'स्टेट ऑफ मॅटर' म्हणजे अवस्था. मी दोन्हीकडे राज्य धरून बसलेलो.

सगळ्यात जास्त छळलं 'वर्क'नं. माझे काका मोंढ्यात हमाली करतात. 50 किलोचा कट्टा त्यांनी जमिनीवरून दीड मीटर उचलला, तर फिजिक्सच्या हिशोबानं साधारण 735 ज्यूल वर्क. तोच कट्टा डोक्यावर घेऊन तासभर उभे राहिले, तर शून्य, कारण विस्थापनच नाही, म्हणजे कट्टा जागचा हलला नाही. मला पटेना. मान भरून येते, घाम निथळतो, त्याचं काय? मग गावाकडून दहावीचं विज्ञान मागवलं. त्यात शब्द होता 'कार्य'. काका करतात ते काम, पुस्तकातलं ते कार्य. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द.

तिथून वही घातली. डावीकडे इंग्रजी शब्द, पुढे विषयवार मराठी. पॉवर: फिजिक्समध्ये शक्ती, गणितात घात. सोल्यूशन: द्रावण आणि उकल. सेल: बायोलॉजीत पेशी, फिजिक्समध्ये विद्युत घट. 1665 मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात खोल्यांसारखे कप्पे पाहिले आणि सेल म्हटलं. तुरुंगातली कोठडीही सेलच. आपल्याकडेही असं आहेच. आमचे आजोबा निजामाच्या काळातले, कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणायचे. जायकवाडीच्या पाटाला पाणी सुटलं म्हटल्यावर जेवायच्या पाटाकडे कुणी बघत नाही. शेजारचे शब्दच अर्थ सांगतात, म्हणून वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उतरवा.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांनी दहावीची पुस्तकं रद्दीत घालू नयेत. गेली असतील तर ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मराठी आणि इंग्रजी माध्यमाचं विज्ञान शेजारी उघडून एकेक परिच्छेद ताडून बघा. 'नॉर्मल' म्हणजे प्रकाशाच्या धड्यातली आपली स्तंभिकाच, पृष्ठभागाला काटकोनात काढतो ती रेषा, हे मला असंच सापडलं.