गोल बसल्यावर पोरींना काय शिकवायचं

अमळनेर तालुक्यात, बोरीकाठच्या एका शाळेत मी पीटी शिकवते. फुटबॉल खेळताना आमच्या पोरी जोरात पळतात, पण आपल्यावर एक गोल बसला की सगळ्यांच्या माना खाली. मागे तालुक्याच्या सामन्यात पहिला गोल खाल्ला आणि पुढच्या दहा मिनिटांत आणखी तीन. गोलकीपर पोर खांबाला धरून रडत होती, बाकीच्या नुसत्या उभ्या.

मग मी त्यांना 5 जुलै 2025 चा महिला फुटबॉलचा सामना समजावून सांगितला. चियांग माईला थायलंडच्याच मैदानावर भारताच्या संगीता बासफोरने 29 व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरानंतर थायलंडने बरोबरी केली. दोन वर्ल्डकप खेळलेला संघ, पाठीशी घरचं मैदान. तरी आपल्या पोरी विस्कटल्या नाहीत. 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच! 2-1 ने जिंकून भारत पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई चषकात गेला.

ही गोष्ट सरावात अशी उतरवा. पाच-पाच जणींचा डाव लावा आणि सुरुवातच 1-1 पासून करा. खेळ रंगात आला की मध्येच शिटी मारून सांगा, "गोल बसला." बॉल उचलायचं काम एकाच पोरीला द्या, आणि ती गोलकीपर नको. तिनं बॉल काखेत घेऊन मधल्या रेषेपर्यंत चालत यायचं, पळत नाही. तोवर बाकीच्यांनी गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवून यायचं. बोलायचं एवढंच: "चला, पहिला पास." मग जवळच्या मैत्रिणीला जमिनीवरून तीन पास. घाबरलेली पोर लांब फटका मारते आणि आमच्याकडे तो थेट कपाशीत जातो.

बॉल दगडासारखा टणक भरू नका, वाळलेल्या काळ्या मातीवर तो हातभर उसळतो. अंगठा दाबला की जरा आत गेला पाहिजे. पंपाची पिन ओली करूनच घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत उरका.

एका आईनं मला विचारलं होतं, "बाई, आंडेरना पाय मोडना ते?" (पोरीचा पाय मोडला तर?) अशा आईला समजावत बसू नका, मैदानावर बोलवा. ती आली, कडुनिंबाखाली तासभर बसली. दुसऱ्या दिवशी पोरीच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती.

हा सराव आठवड्यातून दोनदा तरी घ्या. तीन पास पुरे होईपर्यंत पुढची शिटी मारू नका.